प्रवाळ मत्स्यपेटी : ग्रामीण विदर्भातील छंद

काचेच्या टाकीत खारे पाणी, सागरी मासे आणि जिवंत प्रवाळ एकत्र सांभाळण्याचा घरगुती छंद. छंदी मंडळी अशा टाकीला ‘रीफ टँक’ म्हणतात. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत मासा मुख्य असतो. इथे मान प्रवाळाचा, आणि त्याला मानवेल असे पाणी महिनोन्‌महिने एकाच स्थितीत ठेवणे हे खरे काम. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी आणि ढिवर समाजाची मासेमारी यांची जुनी परंपरा आहे, पण ती सगळी गोड्या पाण्याची. मुंबईचा छंदी निदान समुद्राच्या हवेत राहतो. वरुड किंवा सिंदेवाहीजवळच्या गावात समुद्राची प्रत्येक गोष्ट विकत आणून, मोजून, घरात जुळवावी लागते.

प्रवाळ घरात टिकू शकतात हे दाखवून देणाऱ्यांत जाकार्ताचे ली चिन एंग यांचे नाव पहिल्या ओळीत येते. १९६१ मध्ये त्यांनी जिवंत खडक (ज्याच्या छिद्रांत जिवाणू व इतर सूक्ष्म जीव वसलेले असतात असा समुद्रातला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या पेटीची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीत जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि पाण्यातील सेंद्रिय मळ फेसावाटे काढणारा प्रोटीन स्किमर यांची जोड झाली. ही ‘बर्लिन पद्धत’ आजच्या बहुतेक घरगुती टाक्यांचा पाया आहे.

पाणी : समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड आणि सोडियम मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. हे आपसातले प्रमाण सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखे असते आणि प्रवाळाला नेमके तेच लागते. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी आधीच खारे आहे, मग मीठ विकत कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ते खारटपण समुद्राचे नव्हे. क्षारांची वाटणी वेगळी, आणि त्यात काय काय उतरले आहे ते विहिरीगणिक बदलते. लोणारच्या सरोवराचे तर आणखी निराळे. त्याचा पीएच १० च्या आसपास असतो, तर रीफ टँकला ८.१ ते ८.४ हवा. तिथले पाणी आणून सागरी मासा जगवता येणार नाही.

म्हणजे सुरुवात शून्यापासून, जवळजवळ क्षारविरहित पाण्यापासून. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असते म्हणून ते प्रवाळाला चालेल, हाही गैरसमज. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळाच्या टाकीत ते १० च्या खाली ठेवण्याकडे कल असतो. खतांच्या पट्ट्यातले पिण्यायोग्य पाणीसुद्धा टाकीत हिरव्या शेवाळाचे खाद्य ठरते. गावोगावी मिळणाऱ्या आरओच्या कॅनमधले पाणी बरे, पण त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्य नसतो आणि तो कॅनगणिक बदलू शकतो. घरच्या आरओपुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचे, नळकांडे जोडून टीडीएस शून्यावर आणणे हा भरवशाचा उपाय. नाकारलेले पाणी वाया जाते ही टोचणी पाणीटंचाईच्या गावात रास्त आहे. ते धुण्याभांड्याला वापरता येते.

अशा पाण्यात सागरी मीठ, म्हणजे ‘सॉल्ट मिक्स’, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने विरघळवतात आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की थांबतात. मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. तरंगत्या काट्याचे स्वस्त मापक दगा देते. स्वयंपाकाचे मीठ, खडे मीठ, सैंधव यांतले काहीच चालत नाही.

टाकी मांडल्यावर मासे लगेच सोडत नाहीत. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही फौज खडकाच्या छिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. याला ‘सायकलिंग’ म्हणतात. छंदातले बरेच मासे या आठवड्यांतल्या उतावळेपणाने मरतात. तळाला अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची) वाळू वापरतात. वैनगंगेची वा वर्ध्याची रेती इथे कामाची नाही. टाकी लहान घेणे ही खोटी काटकसर होय. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते आणि ऊन, विजेचा खोळंबा, चुकून जास्त पडलेले खाणे हे सारे तिला पचवता येते. ४० लिटरची टाकी दुपारभरात बिघडते. भरलेल्या मोठ्या टाकीचे वजन दोन क्विंटलच्या पुढे जाते, तेव्हा सारवलेल्या जमिनीवर ती थेट ठेवू नये.

तापमान : प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या मदतीने प्रवाळाचे बरेचसे अन्न तेच तयार करते. पाणी २४ ते २७ अंशांत असावे. ३० च्या वर ते टिकून राहिले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि पुढे उपासमारीने मरतो. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. म्हणून हा छंद विदर्भात अशक्य, असा निष्कर्ष बाहेरचे काढतात.

तो अर्धाच खरा आहे. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेते, ती २०० लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३ अंशांनी उतरवण्याइतकी असते. टाकीचे झाकण काढून पाण्यावर तिरपा लावलेला छोटा पंखा त्यामुळे इथे जे काम करतो, ते मुंबईच्या दमट हवेत करू शकत नाही. माठ याच तत्त्वावर चालतो. यात एक गुंता आहे. खोलीत ताटीचा कूलर लावला की हवा गार होते, पण ओलसरही होते आणि पाण्यावरच्या पंख्याची ताकद घटते. खिडकी उघडी ठेवून ओली हवा बाहेर जाऊ दिली तरच दोन्ही जमतात. भर मे महिन्यात तेवढ्याने भागतेच असे नाही. चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, हा खात्रीचा उपाय, पण तो विजेवर चालतो आणि आपली उष्णता त्याच खोलीत सोडतो. पत्र्याखालच्या खोलीत टाकी ठेवूच नये. जुन्या मातीच्या घराची आतली खोली उत्तम.

उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची घालावी. २०० लिटरमधले ६ लिटर उडाले आणि भर घातली नाही तर क्षारता ३५ वरून ३६ वर जाते. भर खाऱ्या पाण्याने घालत राहिल्यास आठवड्यात सारे हाताबाहेर जाते. जुलैत हवा ओली झाली की पंखा निकामी होतो, पण तोवर उष्माही उतरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांखाली जाते. तेव्हा हीटर लागतो, हे पहिल्या वर्षी अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वीज : गावठाण फिडरवर लाइन जाते-येते, डीपी जळाली तर खोळंबा लांबतो. पंप थांबला की माशांचा पहिला शत्रू उकाडा नसून प्राणवायूची टंचाई असते; गरम खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. इन्व्हर्टरवर फक्त लाटा करणारा पंप जोडावा. १५० अँपिअर-तासांच्या घरगुती बॅटरीवर २० वॅटचा पंप दिवस-रात्र सहज चालतो. दिवे तेवढा वेळ बंद राहिले तरी बिघडत नाही.

फवारणी : शहरी पुस्तकांत न सापडणारा धोका हा आहे. कापसावर मारली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे मासे, कोळंबी आणि खेकडे यांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. संत्र्याच्या बागेतले बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड यांतले तांबे प्रवाळ व गोगलगायींना सहन होत नाही. फवारणी करून आलेल्याने त्या दिवशी टाकीत हात घालू नये, फवारणीची पंप-बादली वेगळी ठेवावी. हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, म्हणून टाकीच्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडही नको.

जीव आणि कायदा : २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घालण्यात आले. भारतीय किनाऱ्यावरून उचललेला ‘जिवंत खडक’ही मुळात प्रवाळाचा सांगाडाच, तेव्हा तोही यात येतो, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घडवलेला खडक वापरणे योग्य. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातील परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन आले. दगडी प्रवाळ त्या करारात आहेत. दुकानदाराचे ‘काही होत नाही’ पुरेसे नाही, लेखी कागद मागावा.

त्यामुळे इथल्या टाकीत मश्रूम, झेनिया, लेदर असे मऊ प्रवाळ शोभतात. ते तापमानाचे थोडे हेलकावेही सोसतात. झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग सुंदर, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. त्यांना उघड्या हाताने कापू नये, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये, कारण वाफेतूनही विषबाधा होते. माशांत क्लाऊनफिश पहिली निवड. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे बंदिस्त प्रजनन साधले आहे, आणि पेटीत जन्मलेला मासा घरी आणल्यावर दाणेदार खाद्य सहसा लगेच खातो. मँडरिन मासा मोहात पाडतो. त्याला सतत जिवंत सूक्ष्म कवचधारी लागतात आणि नव्या टाकीत तो उपाशी मरतो.

दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलतात. काढलेले खारे पाणी परसबागेत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. सोडियममुळे काळ्या मातीची घडण मोडते, तिच्यातून पाणी मुरेनासे होते. पसरट टबांत ते उन्हात आटवावे आणि उरलेले मीठ कोरड्या कचऱ्यात टाकावे. उन्हाळ्यात हे काम दोन-तीन दिवसांत होते.