शब्दप्रमाण

यथार्थ ज्ञान ज्या साधनाने होते त्याला भारतीय दर्शनांत प्रमाण म्हणतात. विश्वासार्ह वचनातून होणारे ज्ञान हे शब्दप्रमाणाचे क्षेत्र असून वेदादी धर्मग्रंथांच्या प्रामाण्याची चर्चा याच सदराखाली येते. चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी होणारे ज्ञान, मानतात. वैशेषिक शब्दाला अनुमानातच, म्हणजे तर्काने काढलेल्या ज्ञानातच, जमा करतात. सांख्य, योग, न्याय, मीमांसा आणि वेदान्त ही दर्शने मात्र त्याला स्वतंत्र प्रमाण मानतात.

न्यायदर्शनात आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आप्त कोण, तर ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट म्हणतात. वेदांचे प्रामाण्यही नैयायिक याच वाटेने सिद्ध करतात. आयुर्वेदातील उपचारांचा गुण अनुभवास येतो म्हणून ते सांगणारे आप्त ठरतात, आणि जे नजरेपलीकडचे आहे त्याबाबतही आप्तवचन त्याच न्यायाने ग्राह्य ठरते.

वेदातील यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. वचनात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या अज्ञानामुळे किंवा लबाडीमुळे. वेदांना कर्ताच नाही, ते अपौरुषेय आहेत, म्हणून दोषाला जागाच उरत नाही. ईश्वरालाही ते वेदांचा कर्ता मानत नाहीत. ग्रंथाचा अधिकार देवाच्या नावावर न टेकवता उभा करण्याचे हे धाडस धर्मविचारात विरळाच आढळते. मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांच्या मते धर्म कळतो तो वेदातील विधिवाक्यांतूनच. यज्ञाने स्वर्ग मिळतो की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि तर्कानेही काढता येत नाही.

यातूनच श्रुतीच्या, म्हणजे वेदांच्या, अधिकाराची हद्दही ठरते. जे इतर प्रमाणांनी कळते तिथे श्रुतीचे काम नाही. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण होणार नाही, असे शंकराचार्य गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात म्हणतात. ब्रह्म मात्र इंद्रियांचा विषय नसल्यामुळे त्याच्या ज्ञानासाठी ते उपनिषदांचाच आधार घेतात.

श्रुती आणि स्मृती, म्हणजे ऋषींनी रचलेले धर्मग्रंथ, यांत विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हा मीमांसेचा नियम. जैमिनीसूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी त्याचे दिलेले उदाहरण मुळातून पाहण्याजोगे आहे. सोमयागाच्या मंडपात औदुंबरी, म्हणजे उंबराच्या लाकडाचा खांब, रोवतात. उद्गात्याने, म्हणजे सामगान करणाऱ्या ऋत्विजाने, तिला स्पर्श करून गावे, असे श्रुती सांगते. ती संपूर्ण वस्त्राने गुंडाळावी, असे स्मृतिवचन आहे. सगळी गुंडाळली तर स्पर्श कसा करणार? शबरस्वामी स्मृतिवचन अप्रमाण ठरवतात आणि वर कारणही देतात: वस्त्राच्या लोभाने कोणीतरी ती गुंडाळली असावी. परंपरेच्या आतला भाष्यकार पुरोहितांच्या लोभावर इतक्या उघडपणे बोट ठेवतो. नंतरचे मीमांसक कुमारिलभट्ट यांना हे मानवले नाही. तंत्रवार्तिकात त्यांनी स्मृतीची बाजू सावरून घेतली.

एवढी सूक्ष्म चर्चा झाली, पण ज्ञानाचे हे साधन बहुसंख्यांच्या हाती पडू दिले गेले नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्रांना वेदाधिकार नाकारला आहे, आणि शंकराचार्य व रामानुजाचार्य या दोघांच्या भाष्यांनी तो नकार उचलून धरला. स्त्रियांनाही धर्मशास्त्राने वेदाध्ययनापासून दूर ठेवले. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात यावरून थेट वेदालाच कृपण म्हटले, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. गीता सर्वांना सेव्य व्हावी म्हणून वेदच त्या रूपाने पुन्हा प्रकटला, असे ते सांगतात. अमृतानुभवात ते आणखी पुढे जातात. एखादी गोष्ट शिवाने किंवा विष्णूने सांगितली एवढ्यासाठी आपण ती मानत नाही, त्यांनी सांगितली नसती तरी ती तशीच असती, असा ज्ञानेश्वरांचा पवित्रा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न मुंबईत पुन्हा ऐरणीवर आला. 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानण्यास नकार दिला. त्याच शहरात 1875 मध्ये दयानंद सरस्वतींनी आर्य समाजाची स्थापना केली. त्यांनी चार वेदसंहिता स्वतःप्रमाण, म्हणजे दुसऱ्या आधाराची गरज नसलेल्या, मानल्या, पुराणे नाकारली आणि वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रिया व शूद्रांसह सर्वांना आहे, असे प्रतिपादन केले.