फोरे की द्युरुफ्ले? दोन रेक्विएममधला फरक

पाश्चात्त्य समूहगान ऐकणाऱ्यांचा गाब्रिएल फोरे आणि मोरीस द्युरुफ्ले या संगीतकारांच्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेच्या (मिस्सेच्या) संगीतात, हमखास गोंधळ होतो. कारणंही तशीच आहेत. दोघेही फ्रेंच, दोघांनीही वर्षानुवर्षं पॅरिसच्या चर्चमध्ये संगीताचं काम केलेलं. या मिस्सेतला 'दिएस इरे' हा अंतिम न्यायाची धास्ती घालणारा लांबलचक भाग दोघांनीही गाळला. त्याच्या शेवटच्या ओळी, 'पिए येसू', तेवढ्या ठेवल्या आणि एकट्या आवाजाला दिल्या. शेवटही दोघांचा 'इन पारादिसुम' ('स्वर्गात') या भागानेच. फोरेची रचना १८८८ साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये पहिल्यांदा गायली गेली, द्युरुफ्लेची १९४७ सालची. त्यामुळे नंतरचीला पहिलीची नक्कल म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही.

खरा फरक चालींचा आहे. फोरेच्या चाली त्याच्या स्वतःच्या. द्युरुफ्लेने मात्र शतकानुशतकं चर्चमध्ये गायल्या गेलेल्या ग्रेगोरियन चाली घेतल्या. लहानपणी रुआँच्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात गाताना हे गायन त्याच्या अंगात भिनलं होतं. या गायनाला ठरलेला ताल नसतो; लॅटिन शब्द जसा वळेल तसे दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे गट पडतात. द्युरुफ्लेने ते चौकटीत कोंबले नाहीत, उलट मात्रांची मोजणीच सतत बदलत ठेवली. फोरे ऐकताना बोटाने ठेका धरता येतो. द्युरुफ्लेच्या बाबतीत सम सापडली म्हणेपर्यंत निसटते.

सुरुवातच ताडून बघा. फोरेकडे आधी वाद्यवृंद एकच स्वर ठासून लावतो, मग सगळा गायकवृंद एकदम, अगदी हलक्या आवाजात 'रेक्विएम' म्हणतो. द्युरुफ्लेकडे खाली वाद्यांचे स्वर वाहते असतात, त्यावर पुरुष मूळ चाल गातात आणि बायकांचे आवाज शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात वर तरंगतात. एवढ्या दोन-तीन ओळींतही ओळख पटते.

द्युरुफ्लेचा स्वरमेळ विसाव्या शतकातला आहे. देब्युसी आणि राव्हेल या फ्रेंच संगीतकारांचे रंग त्यात स्पष्ट दिसतात. त्याच्या 'सांक्तुस' या स्तुतीच्या भागात 'होसान्ना' हा जयघोष जो चढत जातो, तेवढा कडकडाट फोरेच्या 'सांक्तुस'मध्ये नाही. 'पिए येसू' फोरेने उंच, निर्मळ सोप्रानो आवाजासाठी लिहिलं. द्युरुफ्लेचं खालच्या मेझो-सोप्रानोचं, सोबत एकटा चेलो. मला हेच जास्त भिडतं, कारण त्यात शोक लपवलेला नाही. आणि फोरेचा शेवटचा स्वरमेळ घरी येऊन विसावतो, द्युरुफ्लेचा मात्र सुटत नाही, अधांतरीच राहतो.

द्युरुफ्लेने स्वतःच आपल्या रेक्विएमच्या तीन आवृत्त्या केल्या: मोठ्या वाद्यवृंदासाठी, १९४८ मध्ये ऑर्गनसाठी आणि १९६१ मध्ये छोट्या वाद्यवृंदासाठी. पहिल्यांदा ऐकणार असाल तर ऑर्गनची घ्या. वाद्यांची गर्दी नसल्यामुळे जुनी चाल कोणत्या आवाजाकडे गेली, ते त्यात स्वच्छ ऐकू येतं.