आतल्या कोपऱ्यातला सांधा आम्ही कोरून का बसवतो

“दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापल्या की काटकोन जुळतो, मग एका कोपऱ्याला इतका वेळ का?” भिंतीच्या कडेनं नक्षीदार पट्टी (तळाशी स्कर्टिंग, छताशी कॉर्निस) बसवताना हा प्रश्न हमखास येतो. यायलाही हवा, कारण तो वेळ मजुरीत धरलेला असतो.

४५-४५ चा सांधा, म्हणजे मायटर, कागदावर बिनचूक असतो. भिंती तशा नसतात. गिलाव्याचा माल कोपऱ्यात जरा जास्त चढतो, वर पुट्टीचे हात बसतात, आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला की कोपरा काटकोनातून हमखास थोडा सरकलेला निघतो. कोन ९१ अंश भरला, तर १८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत सांध्याचं तोंड जवळपास अर्धा मिलिमीटर उघडं राहतं. पांढऱ्या स्कर्टिंगवर एवढी काळी रेघही डोळ्यांत भरते. शिवाय खिळा मारताना पट्टी भिंतीकडे दाबली जाते आणि जुळलेला मायटर तिथल्या तिथे फाकतो. पुढे हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं. लांबीत हे आकसणं नगण्य, पण रुंदी-जाडीत चांगलंच. फट तेव्हाही उघडते.

म्हणून आतल्या कोपऱ्यात आम्ही एकच पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवतो. दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीचा उलटा आकार कोरतो, म्हणजे ती पहिलीच्या अंगावर चपखल बसते. यालाच कोपिंग म्हणतात.

कोरायची पट्टी आधी ४५ अंशांतच कापली जाते. त्या तिरक्या कापाची दर्शनी कड हीच नक्षीची रेघ. तिच्यावरून पेन्सिल फिरवायची आणि बारीक पात्याच्या कोपिंग करवतीनं त्या रेघेवरून कापत जायचं. करवत सरळ न धरता किंचित तिरकी धरतात, म्हणजे मागचं लाकूड जास्त निघतं आणि पुढे फक्त पातळ कड उरते. सगळी मेख इथेच आहे: टेकते ती फक्त पुढची कड, त्यामुळे कोपरा अंश-दोन अंश इकडेतिकडे असला तरी सांधा मिटलेला दिसतो.

मग त्याच नक्षीच्या पट्टीचा उरलेला तुकडा घेऊन कोरलेलं टोक त्याला लावायचं आणि उजेडाकडे धरायचं. नवशिके जिथून उजेड दिसतो तिथे कानस चालवतात आणि फट वाढवून ठेवतात. घासायचं असतं ते जिथे टेकतंय तिथे. कानशीचे दोन हात, पुन्हा लावून पाहणं, पुन्हा दोन हात. आमच्या माणसाचा बराचसा वेळ यात जातो. लांब भिंतीवर पट्टी मिलिमीटरभर जास्तच ठेवतो, मधे किंचित वाकवून दाबली की टोक कोपऱ्यात घट्ट बसतं.

दारासमोरच्या भिंतीची पट्टी शक्यतो आधी लावतो, दोन्ही टोकं सरळ कापून. बाजूच्या पट्ट्या कोरून तिला भिडतात. पुढे केसाएवढी फट पडलीच, तरी दारातून आत येणाऱ्याची नजर तिच्यात शिरत नाही.

सगळीकडे मात्र हे करत नाही. बाहेर आलेल्या कोपऱ्याला मायटरच लागतो. साध्या चपट्या पट्टीत कोरायला काही नसतंच. थर्माकोलसारख्या हलक्या कॉर्निसची पातळ कड टिकत नाही. तिथे मायटर, गोंद आणि फिलर बरा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कोरता येतं, पण कड भुसभुशीत होते, म्हणून बसवण्याआधी तिला प्रायमरचा हात देतो.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, लाकडी पट्ट्या काही दिवस आधी त्याच खोलीत आडव्या ठेवू द्या, तेही गिलावा-पुट्टी पूर्ण सुकल्यावर. ओल्या खोलीत बसवलेलं लाकूड नंतर आकसणारच. दुसरं, आम्ही कोपरे दाखवण्याआधी रंगाऱ्याला त्यांत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरू देऊ नका. लांबीखाली चांगला सांधा आणि वाईट सांधा सारखेच दिसतात, आणि वाईट सांध्यातली लांबी पुढे तडकते.

कोपरे तपासताना खाली वाकून, टॉर्च बाजूनं धरून बघा. नखाची कड आत जाईल एवढी फट सापडली, तर आम्ही ती पट्टी काढून पुन्हा कोरतो.