कमावलेलं पोट, दिसणारं पोट

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवून पाहा. रुंद खांदे, निमुळती होत गेलेली कंबर, आणि मधला पोटाचा भाग मऊ, सलग. घारापुरीचे द्वारपाल घ्या किंवा वेरूळचे देव घ्या, पोटावर स्नायूंच्या वड्या पाडलेल्या दिसत नाहीत. बळ तर या मूर्तींमध्ये ओसंडून वाहतं. आपल्या शिल्पकारांच्या लेखी ते बळ श्वासात होतं, आणि श्वासानं भरलेलं शरीर बाहेरून गुळगुळीतच दिसणार.

ग्रीसमध्ये वेगळी वाट निघाली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लिटस या शिल्पकारानं भालाधारी तरुणाचा काशाचा पुतळा घडवला आणि शरीराच्या एका भागाचं दुसऱ्याशी प्रमाण बांधून दिलं. मूळ पुतळा नाहीसा झाला, पण रोमन काळातल्या संगमरवरी प्रती उरल्या आणि त्यांत पोटाचे उभे-आडवे कप्पे स्वच्छ दिसतात. योद्ध्यांच्या काशाच्या चिलखतावरही असे स्नायू ठोकून काढलेले असत. आज जिमच्या भिंतीवर जे पोट चिकटवलेलं असतं, त्याचं घराणं हे. 'सिक्स पॅक' हा शब्द मात्र थेट दुकानातून आला: अमेरिकेत सहा बाटल्या किंवा डबे एकत्र विकतात, त्या गठ्ठ्यावरून.

आपल्याकडे पोट कमावण्याची परंपरा जुनी आहे, पण ती तालमीतली. समर्थ रामदासांनी मारुतीचं वर्णन करताना 'नेटका सडपातळू' असे दोन शब्द वापरलेत. लहानपणी दिव्याच्या उजेडात घाईघाईनं भीमरूपी म्हणताना ते जिभेवरून निसटून जायचे. पर्वतासारखा उभा, आणि तरी सडपातळ. माझ्या मते आपल्या मातीतल्या व्यायामाचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही. मल्लखांबावरची पोरं या वर्णनात चपखल बसतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्यानं उभं केलं. त्यातल्या दसरंगात पाय डोक्यावरून फेकून लाकडाला पकड घालायची असते, आणि पाय वर उचलणारी ताकद सगळी पोटातून येते. त्या पोरांच्या पोटावर वळ्या उठलेल्या असायच्याच, त्या मोजायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

पैलवानाचं पोट निराळं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं आणि तालमी पोरांनी भरून गेल्या. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं. पहाटे जोर, बैठका, सपाट्या. खुराकाला दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. अंगावरचं वजन हे कुस्तीत भांडवल असतं, त्यामुळे पोटावर थोडी चरबी असणं हा दोष मानला जात नव्हता. आमच्या गावच्या तालमीतले वस्ताद पोराच्या पोटावर मूठ टेकवून दाबायचे. मूठ आत गेली, की काही न बोलता हौद्याकडे बोट दाखवायचे. पोट त्यांना हातानं कळायचं.

ते डोळ्यांनी बघण्याची गोष्ट झाली, ती कॅमेऱ्यामुळे. यात सर्वांत मोठं नाव युजेन सँडो यांचं. १८६७ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला जन्मलेल्या या माणसानं ग्रीक-रोमन पुतळ्यांची मापं घेतली आणि आपलं शरीर त्या मापांत बसवलं. पुतळ्यांसारखेच पवित्रे घेऊन त्यांनी काढून घेतलेली छायाचित्रं जगभर विकली गेली. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल होते आणि चार्ल्स लॉज नावाचे शिल्पकारही होते. जिवंत माणसाचं शरीर जोखायला शिल्पकार बसवला, यातच पुढच्या शंभर वर्षांची दिशा ठरून गेली. १९०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन खेळ करून गेले.

पण त्यांची साधनं त्यांच्याआधीच साताऱ्याकडे पोहोचली होती. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडोंची सगळी उपकरणं आणि पुस्तकं विकत घेतली आणि दहा वर्षं नेमानं त्या पद्धतीचा व्यायाम केला. त्यानंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तेच धरून राहिले. संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी नमस्कार सुरू केले. एका राजानं परदेशी पद्धत दहा वर्षं स्वतःच्या अंगावर पारखून मग घरची वाट धरावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नमस्कारात पोट एकदा दाबलं जातं आणि लगेच ताणलं जातं. पंतप्रतिनिधींचा भर पचनावर, उत्साहावर, दीर्घ आयुष्यावर होता. दिसण्यावर नव्हता.

त्याच सुमारास बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण तयार होत होता. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया थेट प्रयोगशाळेत नेल्या. पहिल्याच प्रयोगांत त्यांनी हात घातला तो उड्डियान आणि नौलीला, म्हणजे पोटालाच.

नौली जवळून पाहिली नसेल तर सांगतो. पहाटे, रिकाम्या पोटी. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर टेकवून उभं राहायचं. फुप्फुसातली सगळी हवा बाहेर सोडायची आणि नवा श्वास न घेता छातीचा पिंजरा फुलवायचा. पोट आपोआप बरगड्यांखाली ओढलं जातं, तिथं खोल वाटी तयार होते. हे झालं उड्डियान. मग त्या वाटीच्या मधोमध स्नायूंचा उभा खांब पुढं येतो, मनगटाएवढा जाड. सरावलेला साधक तो खांब उजवीकडे नेतो, डावीकडे नेतो, आणि नंतर घुसळणीतल्या रवीसारखा गरगर फिरवतो. आजूबाजूचं पोट आत, आणि एवढा एकच स्नायू बाहेर.

कुवलयानंदांनी क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या साधनांच्या मदतीनं दाखवून दिलं, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्ती, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन मोठं आतडं धुण्याची क्रिया; तिच्यात योगी पाणी आत कसं ओढून घेतात, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदास महाराज यांचं नाव दिलं.

नौलीत जो खांब उभा राहतो, तोच सिक्स पॅकचा स्नायू. शास्त्रीय नाव रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस. तो जांघेच्या हाडापासून पाचव्या-सहाव्या-सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत उभा जातो. मधोमध एक पांढरा तंतुमय पट्टा त्याला दोन भागांत विभागतो आणि आडव्या कंडरा त्याचे तुकडे पाडतात. या आडव्या रेघा बहुतेकांत तीन असतात, पण किती आणि कशा, हे जन्मतःच ठरलेलं असतं. म्हणून एखाद्याचे कितीही मेहनत केली तरी चारच कप्पे दिसतात, एखाद्याचे आठ, आणि एखाद्याची डावी रांग उजवीशी जुळतच नाही. व्यायामानं कप्पे जाड होतात, वाढत नाहीत.

ते दिसतात चरबीचा थर उतरल्यावर. आणि इथं पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज आहे, की पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जाते. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणारा हात स्नायूंनी जाड होता, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडे सारखीच होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पुरुषांनी २७ दिवसांत एकूण ५,००४ सिट-अप्स काढल्या. पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी तपासल्या. आकार तिन्हीकडे जवळपास सारखाच उतरला होता. म्हणजे पोटाचे कप्पे दाखवतं ते जेवणाचं ताट. पुरुषांमध्ये शरीरातली चरबी साधारण दहा-बारा टक्क्यांवर आली की कप्पे उघडे पडू लागतात. स्त्रियांत हा आकडा बराच वर असतो, आणि त्याहून खाली गेलं तर पाळी बिघडू शकते. मुलींना 'पॅक' काढून देण्याची घाई करणाऱ्या प्रशिक्षकांनी हे आधी सांगायला हवं.

शरीरसौष्ठवाचा मंच आपल्याकडे आधी बंगालनं गाजवला. १९५१ साली मोनोतोष रॉय आणि १९५२ साली जेमतेम पाच फुटांचे मनोहर आईच, दोघांनीही आपापल्या गटात मिस्टर युनिव्हर्सचा मान मिळवला. मुंबईत गिरणगावातल्या व्यायामशाळांनी तो वारसा उचलला. उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, दूध, एवढ्यावर पोरं 'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री'च्या मंचावर उभी राहिली. २०१० साली कोल्हापूरच्या सुहास खामकरनं मिस्टर आशिया जिंकलं.

घराघरांत ही भाषा पोहोचवली ती सिनेमानं. २००७ च्या दिवाळीत बेचाळिशीचा शाहरुख खान 'ओम शांती ओम'मध्ये उघड्या पोटानं नाचला, वर्षभरानं 'गजनी'त आमिर खान आला. तालुक्याच्या गावातल्या जिममध्येही सराव सोडून 'किती महिन्यांत निघेल?' असं विचारणारी पोरं त्यानंतर येऊ लागली. पडद्यावरचं पोट प्रकाशयोजना, मेकअप आणि त्या दिवसापुरती घेतलेली तयारी यांतून दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या तयारीचा सर्वांत धोकादायक भाग म्हणजे पाणी तोडणं. कातडी कागदासारखी पातळ दिसावी म्हणून स्पर्धेआधी मीठ आणि पाणी बंद करतात, काही जण लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही घेतात. अंगातले क्षार ढासळले की हृदयाची लय बिघडते. अल्जेरियात जन्मलेला शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ साली नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. आपल्याकडच्या स्पर्धांत पडद्यामागे मी अशी पोरं पाहिली आहेत: अंगाला तपकिरी रंग फासलेला, ओठ फुटलेले, सतरंजीवर पडून पाय भिंतीला लावलेले, गुळाचा खडा जिभेवर. कुणी पाण्याची बाटली पुढं केली तर मान हलवून नको म्हणतात.

नाव पुकारलं की तीच पोरं उठून मंचावर जातात. पोट आणि मांडीच्या पोझला हात डोक्यामागं जातात, एक पाय पुढं येतो. मग तोंडानं श्वास पूर्ण बाहेर सोडतात, अगदी लोणावळ्यातल्या त्या साधकासारखा, आणि दिव्यांखाली कप्पे उठून येतात.