उंच गाडीची पहिली टेस्ट राइड: येण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे गाडी बघायला येणारा माणूस बहुतेक सगळं आधीच बघून आलेला असतो. किती सीसी, किती पॉवर, लडाखला कोण कुठल्या गाडीवर गेलं, सगळं तोंडपाठ. मग आम्ही म्हणतो, बसा. गाडी साइड स्टँडवरून सरळ करायची वेळ येते आणि साहेबांचा चेहरा जरा उतरतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो चेहरा आमच्या दारात उतरावा, पैसे भरल्यावर स्वतःच्या फाटकात नको, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात वापरलेल्या अॅडव्हेंचर गाड्या, म्हणजे डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणाऱ्या उंच मोटरसायकली, घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. दुकान छोटं आहे, माणसं तीन. एका गिऱ्हाइकाला पाऊण तास गाडी देतो, एकजण दुसऱ्या गाडीवर बरोबर येतो. कॉलनीला एक चक्कर मारून परत येण्याला आम्ही टेस्ट राइड म्हणत नाही.

आधी वजन आणि उंची

बाहेरच्या देशांत मिड-साइज म्हणजे साडेसहाशे ते नऊशे सीसी. आपल्याकडे चारशे-पाचशेच्या गाड्यांना तसं म्हणतात: रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, केटीएम ३९० अॅडव्हेंचर, होंडा एनएक्स५००, ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणून जुन्या गाड्यांकडे वळणारे वाढलेत. आमचा धंदा त्यावर चालतो हे कबूल, पण चुकीची गाडी स्वस्तात मिळाली तरी चुकीचीच.

घरात स्प्लेंडर असेल तर तिची सीट ७८५ मिलीमीटर उंच आणि वजन ११२ किलो. हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि वजन १९६ किलो. इथे लोक म्हणतात, त्यात काय, बुलेट नाही का चालवत आम्ही? बरोबर आहे, क्लासिक ३५० सुद्धा १९५ किलोची. काट्यावर फरक एका किलोचा. पण क्लासिकची सीट ८०५ वर आहे आणि तिचं वजन खाली बसलेलं आहे. हिमालयनचं वजन वर आहे, त्यात १७ लिटरची टाकी, म्हणजे भरली की बारा-तेरा किलो पेट्रोल पोटाच्या पातळीला. गाडी सरळ आहे तोवर काही जाणवत नाही. थोडी कलली की हातात एकदम भार येतो. हा अनुभव कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

कंपनी सांगते ती सीटची उंची रिकाम्या गाडीची असते. तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबतं आणि गाडी थोडी खाली येते. सत्तर किलोचा माणूस आणि नव्वद किलोचा माणूस, एकाच उंचीचे असले तरी त्यांचे पाय वेगळे टेकतात. सीट पुढे किती रुंद आहे हेही बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढे पाय वर राहतात. त्यामुळे ८३० ची एखादी गाडी ८२५ च्या गाडीपेक्षा बुटकी वाटली, तर तुमचा अंदाज चुकलेला नाही. हिमालयनला खालची सीटही मिळते, ८०५ ची. दुकानात एक ठेवलेली आहे, सांगितलंत तर बसवून देऊ.

दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत, हा आग्रह सोडा. एक पाय पूर्ण टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला की झालं. मात्र कुठला पाय टेकायचा हे आधी ठरवावं लागतं. आपले रस्ते कडेला डावीकडे उतरतात. कडेला थांबलात तर डाव्या पायाला जमीन दोन-तीन बोटं खाली असते आणि बहुतेक जण डावा पायच टाकतात. तुमची उंची पाच-चार, पाच-पाच असेल तर रस्त्याच्या कडेला अगदी चिकटून थांबू नका, जरा आत थांबा. उंच गाडीवर बसणारी बुटकी माणसं पुढे आयुष्यभर जमीन बघत थांबतात. सवय होते.

बसताना गाडी साइड स्टँडवर असू द्या, पुढचा ब्रेक दाबा, पाय पलीकडे टाका, बसा, मग गाडी सरळ करा. आधी सरळ करून मग पाय टाकायला गेलेल्या तिघांना आम्ही पकडलंय. स्टँड वर घ्यायला विसरून गिअर टाकलात तर इंजिन बंद पडेल. घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही, स्टँडला लावलेला स्विच त्याचसाठी आहे.

पहिली दहा मिनिटं काही ठरवू नका

हँडल रुंद वाटेल, गाडी वळायला आळशी वाटेल. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, त्याच्यावरून निघून जातं, पण वळणात जरा उशिरा झुकतं. एनएक्स५०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स यांचं पुढचं चाक १९ इंची, ते मधलं. तुमचं सगळं फिरणं डांबरावरच असेल तर १९ इंची आधी चालवून बघा, असं आमचं मत. गिऱ्हाईक बहुतेक २१ चं मागतं. फोटोत तेच चांगलं दिसतं.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालेल. हिमालयनचं सस्पेन्शन दोन्हीकडे दोनशे मिलीमीटर चालतं, तेव्हा ते डुलणारच. ब्रेक जोरात मारायच्या ऐवजी दोन बोटांनी हळू सुरू करा आणि मग वाढवा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, २०१८-१९ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांना आहे. काहींत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं. पहिल्या दिवशी त्या बटणाला हात लावू नका.

पिकअपचं काय, असं विचाराल. हिमालयनची ताकद ४० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), ३९० अॅडव्हेंचरची ४६. दोन्ही तुमच्या आत्ताच्या गाडीपेक्षा जास्त पळतात. त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. बघायचंच तर चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर गाडी कशी कुरकुरते ते बघा, कारण गावात तुमचा सगळा वेळ तिथेच जाणार आहे.

यू-टर्न

सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे घालवतो. दुकानामागच्या गल्लीत, सकाळी, दोन गाड्या आरामात जातील एवढ्या रुंदीत.

पद्धत अशी: पहिला गिअर, हाफ क्लच, थोडी रेस, मागचा ब्रेक हलकासा धरलेला. नजर जायचंय तिकडे, म्हणजे मागच्या घराच्या ओट्याकडे, पुढच्या चाकाकडे नाही. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. उंच गाड्या बहुतेक याच एका चुकीने पडतात. वेग पाचचा असतो, हँडल एका बाजूला असतं, पुढचं चाक अडतं आणि सगळा भार आतल्या बाजूला येतो. पाय टेकायला जावं तर जमीन लांब.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहिली उंच गाडी घेतली त्या दिवशी आईला दाखवायला घरी नेली. फाटकातून आत वळताना कुत्रं आडवं आलं, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी अगदी सावकाश, जणू विचारपूर्वक, तुळशीवृंदावनावर टेकली. क्लचचा लिव्हर मोडला, तुळस वाचली. आई गॅलरीतून म्हणाली, "आता उचल." उचलता येईना. शेजारचे काका आले, तेव्हा उठली.

तर उचलायचं कसं तेही सांगतो. इंजिन बंद करा. गाडी डावीकडे पडली असेल तर हँडल पूर्ण डावीकडे वळवा, गिअर टाका. गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेका, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचं कॅरिअर धरा आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरका. पाठ वाकवून उचलायला गेलात तर कंबर धरेल. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी होऊन पलीकडे जाईल. ज्यांना हवं त्यांना आम्ही जुन्या गाडीवर हे करून दाखवतो. जिला आणखी ओरखड्यांची भीती नाही अशी एक आहे.

मग रस्ता

गल्लीतून निघून एबी रोडने राऊकडे, पुढे शेतांमधली किलोमीटरभर कच्ची वाट, आणि परत. भेरूघाटात पहिली राइड नेत नाही, तिथे ट्रकवाले तुमची पहिली वेळ आहे हे जाणत नाहीत. महूच्या पुढे जाम दरवाजाला जायचा हट्ट धरणारे असतात. ठिकाण सुरेख आहे, अहिल्याबाईंच्या काळातली कमान आणि खाली उतरत गेलेलं निमाड. पण ते गाडी घेतल्यावर.

कच्च्या वाटेवर एकदा उभं राहून चालवा. फूटरेस्टवर उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला टेकलेले, हँडल घट्ट न धरता. उभं राहिल्यावर हँडलसाठी कंबरेत वाकावं लागलं तर हँडल तुमच्यासाठी खाली आहे. उंच माणसांना हे हमखास होतं. ते राइझर, म्हणजे हँडल वर उचलणारे तुकडे, लावून सुटतं, तेव्हा त्यासाठी गाडी नाकारू नका.

पावसाळ्यात ही वाट आम्ही वगळतो. माळव्याची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात आणि मग तुमचं नॉबीवालं, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचं, टायर गुळगुळीत भाकरी होतं. त्या मातीत अॅडव्हेंचर बिडव्हेंचर काही नाही, बैलगाडी बरी.

परत येताना वाटेत एका सिग्नलला इंजिन चालू ठेवून थांबा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा कुठल्या पायावर येते ते बघा. मे महिन्यात त्यासाठी वेगळा सिग्नल शोधावा लागत नाही.

बरोबर कोण येणार

मागे बसून जे फिरणार आहेत त्यांना घेऊन या. नवरा एकटा येतो, गाडी आवडते, बयाणा देतो. चार दिवसांनी वहिनी येतात, मागच्या सीटवर चढायला पाय पोचत नाही आणि सौदा परत. परवा उलटं झालं. वहिनी आरामात चढल्या, म्हणाल्या वरून सगळं छान दिसतं, आणि यांनाच एवढं वजन घेऊन यू-टर्न जमेना. आम्ही त्यांना स्क्रॅम्बलर दाखवली. ती ८३५ ची आहे, पण वजनाला हलकी. अजून विचार चाललाय.

कागद आणि नियम

गिअरवाल्या मोटरसायकलचा पक्का परवाना लागतो, लर्निंगवर गाडी देत नाही. ओळखीने, मामाच्या नावाने, "भिया, एकच चक्कर" म्हणूनही देत नाही. आयएसआय मार्कचं हेल्मेट तुमचं आणा, आमच्याकडे दोन आहेत पण डोकी सगळ्यांची दोन मापांची नसतात. घोटा झाकणारे बूट हवेत. चपलेवर आलात तर चहा मिळेल, गाडी नाही. गाडी पडली आणि लिव्हर किंवा आरसा गेला तर त्या भागाची किंमत तुमची, मजुरी आमची. त्याहून मोठं काही झालं तर विम्यातून बघतो.

बयाणा आम्ही त्याच दिवशी घेत नाही. घरी जा, फाटकाची रुंदी मोजा, रात्री गाडी कुठे उभी राहणार ते बघा, आणि तिथे रॅम्प असेल तर त्यावरून १९६ किलो मागे ढकलत न्यायचं आहे हे लक्षात घ्या. सुरुवातीच्या हिमालयनना स्पोकच्या चाकात ट्यूब आहे, तेव्हा पंक्चर झालं तर चाक काढावं लागणार. हे तुम्हाला करायचंय की करवून घ्यायचंय, तेही ठरवा.

टेस्ट राइड मंगळवार ते रविवार, सकाळी साडेसात आणि सव्वाआठ, एका वेळी एकच गिऱ्हाईक. सोमवारी दुकान बंद. साडेसातच्या मंडळींनी नाश्ता करून येऊ नये, पोहे कोपऱ्यावर आहेत आणि ते राइडनंतरच चांगले लागतात.