अ‍ॅम्फेटामाइन हिटलरच्या फौजेसाठी शोधलं गेलं का?

‘सैनिकांना झोप येऊ नये म्हणून जर्मनांनी महायुद्धात अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक औषध शोधलं’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही. हे रसायन बर्लिनमध्येच बनलं, पण १८८७ साली, लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. त्यानंतर चाळीसएक वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

औषध म्हणून त्याची गोष्ट सुरू होते ती चोंदलेल्या नाकापासून. दमा आणि हे फीवर, म्हणजे परागकणांच्या अ‍ॅलर्जीवर, तेव्हा एफेड्रिन वापरत. ते ‘मा हुआंग’ या चिनी वनस्पतीतून काढावं लागे, म्हणून प्रयोगशाळेत तयार होणारा पर्याय हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅलर्जीतज्ज्ञ जॉर्ज पिनेस यांच्याकडे काम करणारे गॉर्डन अ‍ॅलिस त्याच शोधात होते. जून १९२९ मध्ये त्यांनी ५० मिलिग्रॅम अ‍ॅम्फेटामाइन स्वतःलाच टोचून घेतलं. (आजची कुठलीही नीतिसमिती हे चालवून घेणार नाही!) काही मिनिटांत नाक मोकळं झालं, छातीत धडधडलं, मन प्रसन्न झालं, रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही. दम्यावर त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही.

पुढे स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने नाकात हुंगायचा, अ‍ॅम्फेटामाइनचा ‘बेन्झेड्रिन’ इनहेलर बाजारात आणला. लोक तो फोडून आतली औषधात भिजवलेली कागदी पट्टीच गिळू लागले.

आणि जर्मन सैनिक जागं राहायला घेत ती प्रसिद्ध गोळी? ‘पर्विटिन’. १९३८ साली बाजारात आलेल्या त्या गोळीत होतं मेथअ‍ॅम्फेटामाइन. जवळचं, पण वेगळं रसायन. तेही मूळ जर्मन नव्हे, जपानच्या नागाई नागायोशींनी १८९३ मध्येच बनवलेलं.