वीज गेल्यानंतरचा भाग

पुतण्या बारावीत आहे. नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या आमच्या गावात आता मोबाइलला बरी रेंज येते. धानाची कापणी उरकल्यावर त्यानं 'डॉक्टर हू' या विलायती विज्ञानकथा मालिकेचे अगदी सुरुवातीचे, काळेपांढरे भाग पाहून काढले. मग माझ्या पेटीतलं त्याच गोष्टीचं जुनं पुस्तक वाचायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला.

"काकाजी, याच्यात तं सगळाच वेगळा लिवला आहे जी. पाहिल्याबिगरच लिवला का यानं?"

तक्रार खोटी नव्हती. टीव्हीवर कोल हिल नावाच्या शाळेतले दोन शिक्षक आपल्या एका गूढ विद्यार्थिनीच्या मागोमाग भंगाराच्या आवारात शिरतात आणि तिथून गोष्ट सुरू होते. पुस्तकात त्या शाळेचा मागमूस नाही. लंडनजवळचं बार्न्स कॉमन नावाचं माळरान, दाट धुकं आणि मोटारीचा अपघात, अशी सुरुवात. इयान चेस्टरटन इथं शिक्षक नाही. नोकरीची मुलाखत देऊन परतणारा हा माणूस आहे आणि तोच 'मी' होऊन सगळं सांगतो. बार्बरा त्याची सहकारी नाही, ती त्याला त्या अपघाताच्या जागीच पहिल्यांदा भेटते.

आता गंमत अशी की, हे लिहिणाऱ्याइतकं त्या मालिकेत बुडालेलं दुसरं कोणी तेव्हा नसेल. डेव्हिड व्हिटकर हा 'डॉक्टर हू'चा पहिला पटकथा संपादक. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर सुरू झाली आणि टेरी नेशननं लिहिलेली डॅलेकांची, म्हणजे धातूच्या कवचात राहणाऱ्या दुष्ट परग्रही जिवांची, सात भागांची गोष्ट त्याच डिसेंबरात आली. ती व्हिटकरच्या हाताखालूनच गेली होती. नोव्हेंबर १९६४मध्ये त्यानंच तिचं पुस्तक केलं. मालिकेतली ही दुसरी गोष्ट, त्यामुळे टीव्हीवर तोवर पात्रांची ओळखपाळख होऊन गेलेली. पुस्तक मात्र एकटंच दुकानात जाणार होतं. आधीची गोष्ट न पाहिलेल्या पोराच्या हाती ते पडलं, तर ही माणसं कोण, ही निळी पेटी कसली, हे त्याला तिथंच कळायला हवं. म्हणून व्हिटकरनं ओळखीचा प्रसंग नव्यानं रचला. आणखी एक चैन केली. डॅलेकांचा म्होरक्या काचेचा केला, आतला जीव दिसेल असा. स्टुडिओत पैसे मोजून-मापून, पुठ्ठे-लाकडं जोडून काम चाललेलं असायचं. कागदावर काच फुकट.

पुतण्याला हे पटलं, पण अर्धंच. "मंग खरा कोन्ता?" हा त्याचा प्रश्न राहिलाच, आणि या पुस्तकांचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

त्याच्या पिढीला एक गोष्ट कितीही सांगितली तरी डोक्यात शिरत नाही. टीव्हीवरचा भाग एकदाच दिसायचा. दिसला तर दिसला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा गावात टीव्ही मोजके. आम्ही ज्यांच्याकडे जायचो तिथं एकजण कवेलूवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, "आला आला... गेला! मुंग्या आल्या!" इंग्रजी कोणालाच धड कळत नसे. लांब कानांच्या माणसाचं काहीतरी बिनसलं आहे, एवढं समजायचं. एकदा तर यानाचा कप्तान कर्क एका दारासमोर उभा राहिला आणि वीज गेली. ती रात्री आली. दारापलीकडे काय होतं ते मला सहा वर्षांनी, नागपूरला कॉलेजात असताना, सीताबर्डीच्या फुटपाथवर कळलं. जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'स्टार ट्रेक'च्या भागांच्या गोष्टी करणाऱ्या जेम्स ब्लिशचं फाटकं पेपरबॅक सापडलं. ओला हात लागला तर सुटून येतील इतकी पानं पिवळी पडलेली, आणि मागच्या कव्हरावर कोणीतरी पेननं किराणा-हिशेब केलेला.

विलायतेतली आणि अमेरिकेतली पोरंही यापेक्षा फार वेगळ्या अवस्थेत नव्हती. वीज जात नसेल, पण चुकलेला भाग चुकलेलाच. घरी टेप लावून पाहायची सोय सामान्य माणसाकडे यायला बरीच वर्षं होती. 'डॉक्टर हू'ची पहिली अधिकृत व्हिडिओ कॅसेट १९८३मध्ये निघाली. म्हणजे मालिका सुरू होऊन २० वर्षांनी. मधल्या काळात गोष्ट परत भेटायची असेल तर पुस्तक हाच रस्ता. म्हणून ही पुस्तकं खपली. वाङ्मय म्हणून ती कोणी घेत नव्हतं.

ब्लिश काही कारकुनी लेखक नव्हता. १९५९मध्ये ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळालेला कादंबरीकार. सप्टेंबर १९६६मध्ये 'स्टार ट्रेक' सुरू झालं आणि १९६७च्या जानेवारीत त्याचं पहिलं पुस्तक बाजारात होतं, सात भागांच्या सात गोष्टी. एवढ्या घाईत भाग पाहून लिहिणं शक्यच नव्हतं. हाती यायच्या त्या पटकथा, आणि त्यातल्या काही कच्च्या मसुद्याच्या अवस्थेतल्या. चित्रीकरणाच्या वेळी संवाद बदलायचे, प्रसंग गळायचे, शेवट फिरायचा. ब्लिशच्या कागदावर मात्र जुनंच राहून जायचं. पडद्यावरच्या ५० मिनिटांची त्याच्याकडे वीसेक पानं व्हायची, त्यामुळे लढाया एका परिच्छेदात आटपायच्या. मारामारीचा शौकीन वाचक हिरमुसायचा. मला मात्र ते आवडलं, कारण माणसं बोलतात काय ते पहिल्यांदाच कळत होतं.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागात तर हा गुंता टोकाला गेला. पटकथा हार्लन एलिसनची. ती इतरांनी बदलली आणि एप्रिल १९६७मध्ये बदललेलं रूप दाखवलं गेलं. त्याचा राग एलिसननं जन्मभर बाळगला. पुढे त्याच्या मूळ पटकथेला लेखक संघाचा पुरस्कार मिळाला आणि दाखवलेल्या भागाला ह्यूगो. एकाच गोष्टीच्या दोन रूपांना दोन बक्षिसं! १९६८च्या दुसऱ्या पुस्तकात ही गोष्ट घेताना ब्लिशनं दोन्हींतलं चांगलं ते राखायचा प्रयत्न केल्याचं स्वतःच नमूद केलं. म्हणजे कागदावर उतरलं ते तिसरंच रूप. आता पुस्तक मुळाशी किती इमानदार, हे तपासायचं तर कोणतं मूळ धरायचं?

ब्लिश १९७५मध्ये गेला. शेवटचं, बारावं पुस्तक त्याची पत्नी जे. ए. लॉरेन्स हिनं पुरं केलं आणि ते १९७७मध्ये आलं.

'स्टार ट्रेक'च्याच कार्टून आवृत्तीचं अ‍ॅलन डीन फॉस्टरनं काय केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाचे एकूण २२ भाग. फॉस्टरनं १९७४ ते १९७८मध्ये त्यांची दहा पुस्तकं केली. पहिल्या सहांत प्रत्येकी तीन भाग बसवले. उरले चार भाग आणि पुस्तकं करायची चार! मग प्रत्येक भागाची आख्खी कादंबरी. पायलीभर पिठात घागरभर पाणी नव्हे बरं का, त्यानं पुढची गोष्ट स्वतःच्या मनानं रचली. ब्लिश आटवणारा, फॉस्टर वाढवणारा.

विलायतेत १९७३मध्ये 'डॉक्टर हू'च्या गोष्टींची टार्गेट नावाची पेपरबॅकची मालिका सुरू झाली. आधी साठच्या दशकातली तीन जुनी पुस्तकं पुन्हा छापली, त्यात व्हिटकरचं डॅलेकांचंही होतं. १९७४च्या सुरुवातीला नवी आली. इथं दोन माणसं समोरासमोर ठेवून पाहावीत.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. बहुतेक नाटक मंडळ्या वडसा गावच्या. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि कोंबडं आरवायच्या सुमाराला उतरतो. घरी राहिलेल्यांना सकाळी नाटक सांगावं लागतं. सांगणारे दोन जातींचे. एक आमचा शेजारी, जो कोण कुठून आला, काय बोलला, कुठलं गाणं झालं ते ओळीनं सांगायचा, चूक काढायला जागा नाही. दुसरे आमचे आबाजी. ते खलनायकाच्या घरी जाऊन बसायचे. त्याची जमीन कशी गेली, बायको कशी वारली, हे सगळं आबाजींच्या तोंडून ऐकून आम्ही पुढच्या गावात तेच नाटक पाहायला जायचो आणि ते प्रसंग शोधत बसायचो. नाटकात ते नसायचेच.

टेरन्स डिक्स हा आमचा शेजारी. १९६८ ते १९७४ मालिकेचा पटकथा संपादक, आणि टार्गेटसाठी त्यानं साठाहून जास्त पुस्तकं लिहिली. भाषा साधी, वाक्यं आखूड, गोष्ट कुठं अडत नाही. टार्डिस, म्हणजे ती काळात फिरणारी निळी पेटी, उतरताना दम लागल्यासारखा कण्हणारा आवाज येतो, हे त्याच्या पुस्तकात इतक्यांदा येतं की पुढचं वाक्य वाचायच्या आधी कानात वाजतं. काम वाढलं तशी त्याची काही पुस्तकं पटकथेला 'तो म्हणाला, ती म्हणाली' जोडल्यासारखी झाली, हेही खरं. तरीही पोरांना वाचनाची चटक लावणारा कारागीर म्हणून त्याचं नाव आदरानंच घेतलं जातं.

माल्कम हल्क म्हणजे आबाजी. १९७०मध्ये त्याची सात भागांची पटकथा आली. माणसाच्या कितीतरी आधी पृथ्वीवर राहणारे सरड्यासारखे शहाणे प्राणी गुहेत गोठून झोपलेले, ते आता जागे होतात. मालिकेत त्यांना सिल्युरियन म्हणतात. पडद्यावर रबराचे मुखवटे, डोक्यावर लाल लुकलुकणारा तिसरा डोळा, आणि सगळे एकसारखे. हल्कनं स्वतःच १९७४मध्ये पुस्तक केलं आणि त्यांची बाजू आधी मांडली. पहिल्याच प्रकरणात माणसाचं नखही नाही. ओक्डेल नावाचा सरडा झोपेत जाण्यापूर्वी आपल्या जगाचं शेवटचं ऊन पाहतो आहे. इतर सरड्यांनाही नावं आहेत, स्वभाव आहेत, आपसांत भांडणं आहेत. शेवटी त्यांची गुहा उडवली जाते तेव्हा पडद्यावर धमाका होतो. पुस्तकात ओळखीची माणसं मेल्यासारखं वाटतं. ज्यांच्या जमिनी धरणाखाली किंवा जंगलाच्या हद्दीत गेल्या त्या आमच्या भागातल्या वाचकाला, 'आम्ही आधीचे' असं म्हणणारा सरडा परका वाटत नाही. हे माझं मत. वाचलेल्या या सगळ्या पुस्तकांत मूळ भागापेक्षा सरस कोणतं, असं विचारलं तर मी डोळे मिटून हेच काढून देईन.

तिकडे बीबीसीत भलतंच चाललं होतं. टेपा महाग, पुन्हा दाखवायचं तर कलाकारांच्या करारांची अडचण, आणि रंगीत टीव्ही आल्यावर काळंपांढरं घेतं कोण? १९६७ ते १९७८च्या दरम्यान टेपा पुसल्या गेल्या, परदेशी विकायच्या फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. 'डॉक्टर हू'चे नव्वदच्या वर भाग असे गेले. काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आवाज उतरवून ठेवला होता, म्हणून प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज तरी आज आहे. चित्र नाही. तिथं टार्गेटचं पुस्तक हेच एका अर्थी मूळ झालं.

हे वाचताना मला अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती प्रत हरवली, आणि हिराइसेसारख्यांनी ती आठवून पुन्हा सांगितली. म्हणून 'लीळाचरित्रा'चे पाठ निरनिराळे. कोणी त्यातल्या एकाला खोटं ठरवत नाही, पाठभेद म्हणून शेजारी ठेवतात. डॅलेकांची बरोबरी चक्रधरांशी करतोय असं समजून कोणी अंगावर येऊ नये. हरवलेल्या मजकुराचं काय करायचं, एवढ्यापुरतंच म्हणतोय.

कधीकधी हरवलेलं परतही येतं आणि पंचाईत होते. 'टूम ऑफ द सायबरमेन', म्हणजे सायबरमेन नावाच्या यंत्रमानवांचं थडगं, हे १९६७चे चार भाग गेले असंच सगळे धरून चालले होते. गेरी डेव्हिसचं १९७८चं पुस्तक वाचून लोकांनी मनात भव्य थडगं बांधलं होतं. प्रती हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि १९९२मध्ये कॅसेट आली. गोष्ट झकास आहेच, पण एका मारामारीत माणूस उचलायला बांधलेल्या तारा स्पष्ट दिसतात. पुस्तकातल्या थडग्याला तार नव्हती. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून आणखी नऊ हरवलेले भाग मिळाले. त्यामुळे 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आता पूर्ण पाहता येतं आणि इयान मार्टरच्या १९८१च्या पुस्तकाशी ताडूनही पाहता येतं. हा मार्टर स्वतः मालिकेतला नट, हॅरी सलिव्हनचं काम करणारा.

पुतण्याला मी हल्कचं पुस्तक दिलं, या वेळी पाहण्याच्या आधी. चार दिवसांनी वीज असतानाच त्यानं सातही भाग पाहिले. रात्री अंगणात आला, मोबाइल माझ्यापुढे धरला. शेवटची नामावली थांबवून ठेवली होती.

"काकाजी, ओक्डेल कोन्ता होय याच्यात?"

मी चष्मा लावून पाहिलं. नटाच्या नावासमोर 'म्हातारा सिल्युरियन' एवढंच होतं.